विनोदी मालिकेतला हशा प्रेक्षकांचाच हवा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दूरचित्रवाणीवरच्या विनोदी मालिकांबद्दल कुठेही चर्चा निघाली की एक तक्रार हमखास ऐकू येते: मागून वाजणारा तो खोटा हशा आधी बंद करा. तक्रार शंभर टक्के रास्त आहे. पण तिच्या पाठोपाठ 'चांगल्या विनोदाला हशाची गरजच नसते' असा जो निष्कर्ष काढला जातो, तो मात्र पटत नाही. मुद्रित हशा आणि समोर बसलेल्या माणसांचा हशा या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला संकलनाच्या टेबलावर चिकटवला जातो. दुसरा नटाच्या कानावर पडतो आणि नट त्याप्रमाणे पुढचं वाक्य बोलतो. भांडकुदळ कुटुंबावरच्या मालिकेत तर हा फरक फारच मोठा ठरतो. त्यासाठी अमेरिकेतल्या 'ऑल इन द फॅमिली' या मालिकेचं काम कसं चालायचं, हे जरा बारकाईनं पाहायला हवं.

ही मालिका सीबीएस वाहिनीवर १२ जानेवारी १९७१ रोजी सुरू झाली आणि १९७९ पर्यंत चालली. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातलं एक कष्टकरी घर, पत्ता ७०४ हाउझर स्ट्रीट. घरात चार माणसं. आर्ची बंकर हा कारखान्यात मालाच्या चढउतारावर देखरेख करणारा मुकादम. काळे, ज्यू, पोर्तो रिकोचे लोक, बायकांचे हक्क मागणारे, सगळ्यांवर त्याचा राग. बायको ईडिथ भोळी, पण घरात सगळ्यात शहाणी तीच. मुलगी ग्लोरिया, आणि जावई माइक. हा माइक कॉलेजात समाजशास्त्र शिकतोय, सासऱ्याच्या घरात राहतो, सासऱ्याचंच अन्न खातो आणि जेवणाच्या टेबलावर त्याच्याच राजकारणाचे वाभाडे काढतो. आपल्याकडे घरजावई म्हटल्यावर जे जे मनात येतं ते सगळं या नात्यात आहे, वर व्हिएतनामच्या युद्धाचा वाद. आर्ची त्याला हाकलू शकत नाही, कारण मुलगी जाईल. माइक निघून जाऊ शकत नाही, कारण खिशात पैसे नाहीत. अशा मालिकेचा पाया हाच असतो: माणसांचं एकमेकांशी पटत नाही, पण कोणालाच दाराबाहेर पडण्याची सोय नाही.

मूळ कल्पना ब्रिटिश होती. बीबीसीवर जॉनी स्पेट यांनी लिहिलेली 'टिल डेथ अस डू पार्ट' ही मालिका १९६५ पासून गाजत होती. तिचे हक्क घेऊन निर्माते नॉर्मन लिअर यांनी अमेरिकी रूप केलं. एबीसी वाहिनीसाठी १९६८ आणि १९६९ साली दोनदा नमुना भाग तयार झाला आणि दोन्ही वेळा वाहिनीनं नकार दिला. तिसऱ्यांदा तो सीबीएससाठी झाला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की तिन्ही वेळा संहिता बव्हंशी तीच होती आणि कॅरल ओ'कॉनर (आर्ची) व जीन स्टेपलटन (ईडिथ) ही थोरली जोडीही तीच होती. बदलत गेले ते मुलगी आणि जावई. जावई म्हणून रॉब रायनर आणि मुलगी म्हणून सॅली स्ट्रदर्स आले तेव्हा चौघांचं जमलं. लिखाण उत्तम असूनही नटांची भट्टी जमेपर्यंत दोनदा थांबावं लागलं, हे आपल्याकडच्या घाईच्या काळात मुद्दाम नोंदवावंसं वाटतं.

आता हशाकडे. साठच्या दशकातल्या बहुतेक अमेरिकी विनोदी मालिका सिनेमासारख्या एका कॅमेऱ्यानं, फिल्मवर, प्रेक्षकांविना चित्रित होत. हशा नंतर भरला जाई. तो भरणारे तंत्रज्ञ होते चार्ली डग्लस. त्यांनी पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला एक यंत्र बनवलं होतं. त्यात टेपचे ३२ फेरे आणि प्रत्येक फेऱ्यावर दहा, म्हणजे एकूण ३२० हशे. टाइपरायटरसारख्या कळा दाबून हशाची जात निवडायची आणि पायाखालच्या पॅडलनं तो किती मोठा व किती लांब ठेवायचा ते ठरवायचं. यंत्राला कुलूप असे आणि आत काय आहे हे फार थोड्यांनी पाहिलं होतं. कारागिरी म्हणून हे काम असामान्य होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. खोट आहे ती मुळातच. चित्रीकरणाच्या वेळी नटाला हशा ऐकू आलेला नसतो. तो अंदाजानं थांबतो, किंवा थांबतच नाही. मग संकलक हशासाठी जागा करायला एखादा चेहरा दोन सेकंद जास्त धरून ठेवतो, आणि त्या दोन सेकंदांत त्या चेहऱ्यावर काहीच चाललेलं नसतं. पाहणाऱ्याला नेमकं काय खटकतं ते सांगता येत नाही, तो हशावर चिडतो. खरं तर बिघाड चित्रात असतो.

लिअर यांनी हा मार्ग सोडला. तीन कॅमेरे आणि समोर प्रेक्षक ही पद्धत १९५१ साली 'आय लव्ह लूसी'नं रुळवली होती, पण ती ३५ मि.मी. फिल्मवर. लिअर यांनी व्हिडिओ टेप घेतली आणि आठवडाभर तालीम करून नाटकासारखा सलग प्रयोग करायचा असं ठरवलं. एकाच दिवशी दोन प्रयोग होत, प्रत्येकाला वेगळे प्रेक्षक, आणि दोन्ही मुद्रित केले जात. दोहोंतले चांगले तुकडे जोडून भाग तयार होई. शेवटच्या श्रेयनामावलीवर रायनर यांच्या आवाजात सांगितलं जाई की हा कार्यक्रम प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर मुद्रित केला आहे.

दोन प्रयोगांचा मोठा फायदा मधल्या वेळात असतो. पहिल्या प्रयोगात कुठलं वाक्य पडलं, कुठे अनपेक्षित हशा आला, कुठे हशानं पुढचं वाक्य गिळलं, हे लेखक आणि दिग्दर्शक समोर बसून टिपतात. रात्रीच्या प्रयोगाआधी वाक्य बदलतं, छाटलं जातं किंवा दुसऱ्या पात्राच्या तोंडी जातं. आपल्याकडे व्यावसायिक नाटकाच्या पहिल्या पंचवीस प्रयोगांत हेच तर होत असतं.

नटाच्या बाजूनं पाहिलं तर सगळं कसब थांबण्यात आहे. हशा उसळतो, शिखराला जातो, मग उतरू लागतो. तो पार विझेपर्यंत थांबलात तर भोक पडतं आणि पुढच्या वाक्याला पुन्हा शून्यापासून जोर लावावा लागतो. शिखरावरच बोललात तर वाक्य वाया. उतार अर्ध्याहून खाली आला की बोलायचं, आणि तोवर भूमिकेत राहून काहीतरी करत राहायचं. ओ'कॉनर यात वाकबगार होते. त्यांचं डोळे वटारणं, मान हळूच फिरवणं, सिगार तोंडातून काढून पुन्हा ठेवणं, हे सगळं हशाच्या उतारावर बसवलेलं दिसतं. १९ फेब्रुवारी १९७२ च्या भागात कृष्णवर्णीय गायक-नट सॅमी डेव्हिस ज्युनिअर आर्चीच्या घरी येतात. त्यांचा एक डोळा काचेचा आहे, त्याचा उल्लेख कोणी करू नका, अशी तंबी आर्चीनं घरच्यांना दिलेली असते, आणि कॉफी विचारताना नेमका त्याच्याच तोंडून 'डोळा' निघतो. शेवटी फोटो काढताना डेव्हिस त्याच्या गालाचा मुका घेतात. ही कल्पना दिग्दर्शक जॉन रिच यांची. त्यानंतरचा हशा किती लांबतो ते पाहावं, आणि त्या सगळ्या वेळात ओ'कॉनर यांच्या चेहऱ्यावर एकामागून एक काय उमटत जातं तेही. टेबलावर बसून संकलनात हे तयार करता येत नाही.

नेपथ्याचा विचारही याच अंगानं झाला होता. लिअर यांना मालिका कृष्णधवल हवी होती, वाहिनीला रंगीत. तडजोड म्हणून भिंती, फर्निचर आणि कपडे तपकिरी, करड्या, विटलेल्या छटांत ठेवले गेले. आर्ची आणि ईडिथच्या दोन खुर्च्या जुन्या सामानाच्या दुकानातून थोडक्या डॉलरला आणलेल्या होत्या. १९७८ साली त्या वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात गेल्या. या खुर्च्यांची जागा महत्त्वाची आहे. त्या प्रेक्षकांकडे तोंड करून, जवळजवळ मधोमध आहेत. बाहेरचं दार, वर जाणारा जिना आणि स्वयंपाकघराचं झुलतं दार, या तिन्ही ठिकाणांहून येणारा माणूस आर्चीला गाठूनच पुढे जातो. ईडिथ स्वयंपाकघरातून धावत येते ती लहान लहान पावलांनी, आणि त्या धावण्यालाच हशा असतो. आवाजाचा वापरही असाच नेमका. वरच्या मजल्यावर संडासाची साखळी ओढल्याचा आवाज अमेरिकी दूरचित्रवाणीवर तोवर कोणी काढलेला नव्हता. तो नुसता ऐकू येतो, दिसत काहीच नाही, आणि पाठोपाठ आर्ची जिन्यावरून खाली उतरतो.

सुरुवातीला मालिका चालली नव्हती. पहिल्या भागाआधी वाहिनीनं पडद्यावर सावधगिरीची सूचना दाखवली आणि तक्रारींचे फोन घ्यायला जादा माणसं बसवली. फोन मात्र फारसे आले नाहीत आणि प्रेक्षकही. मे १९७१ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीचे एमी पुरस्कार मिळाले, उन्हाळ्यात भाग पुन्हा दाखवले गेले, तेव्हा लोकांनी ते पाहिले. त्यानंतर सलग पाच हंगाम ही अमेरिकेतली सर्वाधिक पाहिली जाणारी मालिका होती. चार आठवड्यांच्या आकड्यांवर निर्णय घेतला असता तर ती तिथेच संपली असती.

मालिका उतरणीला कशी लागली तेही पाहण्यासारखं आहे. १९७५ साली माइक आणि ग्लोरिया वेगळं बिऱ्हाड करतात, शेजारच्याच घरात. कथेच्या दृष्टीनं हे स्वाभाविक होतं. माइकचं शिक्षण झालं, नोकरी लागली, मूल होणार होतं. पण रचनेचा मुख्य खांब हलला. आता जावई चिडला की घरी निघून जाऊ शकतो. दर भागात त्याला आर्चीच्या दिवाणखान्यात आणायला काहीतरी निमित्त शोधावं लागतं, आणि असं निमित्त प्रेक्षकाला लगेच ओळखू येतं. १९७८ मध्ये दोघंही कॅलिफोर्नियाला गेले. शेवटच्या हंगामात दुसरी गोष्टही बदलली. चित्रीकरण आणि संकलन आधी पूर्ण करायचं, तयार भाग नंतर प्रेक्षकांना दाखवायचा आणि त्यांचा हशा मुद्रित करून जोडायचा, अशी पद्धत आली. शेवटची घोषणाही त्याप्रमाणे बदलली. हा हशा खऱ्या माणसांचाच होता, पण नटांना तो ऐकू येत नव्हता. आधीचे आणि शेवटच्या हंगामातले दोन भाग लागोपाठ पाहिले तर कुठे थांबायचं याचा निर्णय आता नटाऐवजी संकलक घेतोय हे कळतं.

खऱ्या हशाची एक मर्यादा इथेच सांगितली पाहिजे. लोक हसले म्हणजे ते काय समजून हसले हे कळत नाही. नील व्हिडमार आणि मिल्टन रोकीच यांनी १९७४ साली या मालिकेच्या प्रेक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या मनात मुळात पूर्वग्रह जास्त होते त्यांना आर्चीची टवाळी दिसतच नव्हती. वादात तोच जिंकतो असं त्यांना वाटत होतं. लेखकानं आर्चीला दर भागात तोंडघशी पाडलं, तरी तेवढ्यानं काम भागत नाही. माझ्या मते मालिकेला वाचवलं ते ईडिथनं. माइक तावातावानं बोलतो, आणि त्याचा कैवार घेणारे व त्याला शिव्या देणारे असे दोन गट पडतात. ईडिथ मात्र भाबडेपणानं एखादाच प्रश्न विचारते आणि सगळं थिएटर एका बाजूला येतं. आपल्याकडे असं घर लिहिणाऱ्यानं सासऱ्याआधी सासू लिहावी.

हे सगळं मराठी वृत्तपत्रात लिहिण्याचं कारण असं, की या पद्धतीला जे जे लागतं ते मराठीत आधीपासून आहे. हशा पेलणारे नट, लाफ्टर मोजणारे दिग्दर्शक, तालमीत वाक्य घासणारे लेखक आणि तिकीट काढून येणारा प्रेक्षक. स्किटच्या कार्यक्रमांत आपण समोर माणसं बसवतो, पण ती दहा-बारा मिनिटांची तुटक नाट्यं. तीच चार पात्रं, तेच घर, आणि दर आठवड्याला एक नवं भांडण, अशी मालिका खऱ्या प्रेक्षकांसमोर करायला हवी. आज कौटुंबिक मालिका बहुधा खऱ्या बंगल्यांत किंवा चारही भिंती असलेल्या सेटवर, आठवड्याला सहा-सात भागांच्या वेगानं चित्रित होतात. सकाळी हातात आलेली पानं दुपारी बोलायची असतील तर हशा कुठे येईल याचा विचार कोण करणार? साप्ताहिक भाग आणि तेरा भागांचा हंगाम, इतकं मान्य केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

मान्य केलं तर आठवडा असा लावता येतो. सोमवारी वाचन आणि पुनर्लेखन, मंगळवार-बुधवार जागेवर तालीम, गुरुवारी कॅमेऱ्यांसह तालीम, शुक्रवारी दुपारी एक आणि रात्री एक प्रयोग. नेपथ्याची चौथी भिंत उघडी. दिवाणखाना, स्वयंपाकघर आणि तिसरी एखादी बदलती जागा एका रांगेत. जेवणाच्या टेबलाची प्रेक्षकांकडची बाजू मोकळी. कॅमेरे चार: मधले दोन रुंद आणि दोघांच्या चौकटीसाठी, कडेचे दोन तिरपे, डावीकडचा कॅमेरा उजवीकडच्या नटाचा चेहरा घेणार आणि उजवीकडचा डावीकडच्याचा. दीडशे ते दोनशे खुर्च्या पुरतात, पण त्या चढत्या पायऱ्यांवर हव्यात. सपाट जमिनीवर मागच्यांना फक्त कॅमेऱ्यांच्या पाठी दिसतात आणि ते हसायचे थांबतात.

सगळ्यात जास्त चुका ध्वनीत होतात. प्रेक्षकांच्या डोक्यावर अडीच-तीन मीटर उंचीवर सहा ते आठ माइक टांगावेत आणि प्रत्येकाचं मुद्रण स्वतंत्र ट्रॅकवर घ्यावं. नटांचा आवाज प्रेक्षकांना ऐकवण्यासाठी दोन मोठे स्पीकर लावायचा मोह टाळावा. त्यांचा आवाज याच माइकांत शिरतो. शिवाय दहा मीटर अंतर कापायला आवाजाला सुमारे २९ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे प्रत्येक वाक्याला एक घुमारा चिकटतो, आणि तो नंतर काढता येत नाही. त्याऐवजी खुर्च्यांच्या जवळ लहान स्पीकर, पुष्कळ संख्येनं आणि हळू आवाजात ठेवावेत. मिश्रण करताना वाक्य चालू असताना प्रेक्षकांचे ट्रॅक खाली, हशा सुरू होताच वर. गोदामवजा स्टुडिओला पत्र्याचं छप्पर असेल तर जून ते सप्टेंबर मुद्रण ठेवू नये. पावसाचा मारा नटांच्या कपड्याला लावलेल्या लेपल माइकनं संवादातून थोडाफार टाळता येईल, हशातून टाळता येणार नाही.

दोन प्रयोगांचे तुकडे जोडताना सांधा हशाच्या मध्यावर कधीच ठेवू नये. दुपारच्या आणि रात्रीच्या गर्दीचा पोत वेगळा असतो आणि कान तो लगेच पकडतो. हशा पूर्ण उतरल्यावर, नव्या वाक्याच्या आधीच्या शांततेत सांधा घ्यावा. चहाचा कप किती भरलेला, वर्तमानपत्राची घडी कशी, खुर्ची खुणेवर आहे का, याची नोंद ठेवायला एक माणूस स्वतंत्र हवा. वाक्य चुकलं तर पुन्हा घ्यावं लागतं, पण दुसऱ्यांदा लोक मनापासून हसत नाहीत. अशा वेळी पहिल्या वेळचा हशा ठेवून चित्र दुसऱ्या वेळचं वापरतात. हशा त्याच वाक्याला, त्याच माणसांनी दिलेला असल्यामुळे ते मला गैर वाटत नाही. याच्या पलीकडे, दुसऱ्या भागातला हशा आणून पडलेल्या वाक्यावर टाकणं मात्र कटाक्षानं टाळावं. पडलेलं वाक्य कापावं. बावीस मिनिटांच्या भागासाठी म्हणूनच सव्वीस-सत्तावीस मिनिटांची संहिता उभी करायची असते.

पहिल्या हंगामासाठी नवा स्टुडिओ बांधण्याचीही गरज नाही. आठवड्याच्या मधल्या दिवसांत मोकळं असलेलं एखादं मध्यम आकाराचं नाट्यगृह घेतलं, पुढच्या तीन-चार रांगा काढून तिथे कॅमेऱ्यांसाठी फळ्यांचा सपाट मंच बांधला, तर चढत्या खुर्च्या, विंगा आणि प्रकाशाच्या पट्ट्या तयार मिळतात. वातानुकूलन यंत्रणेचा आवाज आधी रिकाम्या सभागृहात मोजून घ्यावा, आणि तो जास्त असेल तर प्रयोगाच्या तासभर आधी सभागृह गार करून मुद्रणाच्या वेळी यंत्रणा बंद ठेवावी. पंचवीस मिनिटं प्रेक्षक तेवढं सहन करतात.

आपला,
ध्वनिसंकलनाच्या क्षेत्रातील एक वाचक, ठाणे